काचेचा गुण

११ जानेवारी

बाबा,

मायना लिहिलेला नाही. दोन वर्षांनी लिहिताना कोणता शोभेल हे ठरवण्यात एक कागद वाया गेला, म्हणून हा दुसरा थेट मुद्द्यावर सुरू करते.

सोमवारी प्रयोगशाळेतल्या आमच्या मॅडमनी मला खोलीत बोलावलं आणि टेबलावर एक बाटली ठेवली. तपकिरी काच, पांढरं झाकण, पिवळ्या अक्षरांत ‘तरतरी’. त्याखाली एका चांदणीच्या आत ‘आता नॅनो’. त्याखाली मी.

तो फोटो मी सहावीत असतानाचा आहे. दोन वेण्या, हातात विज्ञान प्रदर्शनातलं उत्तेजनार्थ बक्षीस. खाली छापलंय, ‘शास्त्रज्ञ कन्येच्या देखरेखीखाली’. मॅडमच्या सासूबाई हे टॉनिक रोज दोन चमचे घेतात. मागे मी एक फाइल द्यायला मॅडमच्या घरी गेले होते, तेव्हा त्यांनी मला पाहिलं होतं. त्यांनीच ओळखलं. "ही तुझ्याकडची ती न हसणारी मुलगी ना?" असं त्यांनी सुनेला विचारलं म्हणे.

मॅडमनी मला विचारलं, "हे तुझे वडील?"

मी "हो" म्हटलं.

"आणि देखरेख?"

"ही बाटली मी आत्ता पहिल्यांदा बघतेय."

"सहावीत असताना केली असशील," मॅडम म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत, त्यामुळे मलाही हसता आलं नाही.

आता मुद्दा. मार्चअखेर आमच्याकडे समिती बसणार आहे. माझ्या प्रकल्पाला शेवटचं वर्ष द्यायचं की नाही, हे ती ठरवेल. नाही म्हणाली तर मी टेबल रिकामं करायचं आणि आजवरचं काम दुसऱ्या कुणाच्या तरी कपाटात जाणार. माझं काम कडू मुळाचा अर्क अतिसूक्ष्म पिशव्यांत भरून पोटात पोचवण्याचं. तुमची बाटलीही कडू मुळाची. समितीतल्या एखाद्याच्या सासूबाईही दोन चमचे घेत असतील, तर मी पुढच्या दाराने संशोधन करते आणि मागच्या दाराने विकते असा अर्थ निघेल. तो काढायला समितीला फार बुद्धी लागणार नाही.

तेव्हा फोटो काढा, देखरेख काढा आणि नॅनो काढा. ‘तरतरी’ राहू द्या. तो शब्द कुणाच्याही मालकीचा नाही.

फोन करू नका. फोनवर तुम्ही विषय बदलता.

हे पत्र मी आईला दाखवलेलं नाही. तिने ते वाचलंय. तिचं म्हणणं, "नॅनो म्हणजे काय, ते आधी त्यांना विचार."

आपली,
(सही)


२५ जानेवारी

बाबा,

उत्तर मिळालं. ते तुम्ही न वापरलेल्या लेबलांच्या मागच्या बाजूंवर लिहिलंय, त्यामुळे उत्तरासोबत मला माझेच सात फोटो मिळाले.

तुम्ही लिहिता, बापाने मुलीचं कौतुक करायचं नाही तर कुणी करायचं. कौतुक घरात करतात. बाटलीवर करतात तिला जाहिरात म्हणतात.

तुम्ही लिहिता, नॅनो म्हणजे बारीक आणि तुम्ही टॉनिक मलमलीतून तीनदा गाळता. बाबा, मलमलीच्या एका भोकातून माझ्या हजार पिशव्या खांद्याला खांदा लावून जातील आणि कुणाचा धक्कासुद्धा लागणार नाही. गाळणं आणि नॅनो यांचा संबंध नाही. तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगते. मुळातला औषधी भाग पाण्यात विरघळत नाही. नुसता प्यायला तर बराचसा आल्या वाटेने निघून जातो. म्हणून तो स्निग्ध पदार्थाच्या पिशवीत भरायचा. पिशवी इतकी लहान हवी की आतड्याच्या अस्तरापर्यंत पोचेल, इतकी घट्ट हवी की वाटेत सांडणार नाही, आणि शेजारच्या पिशवीला चिकटता कामा नये. यातलं प्रत्येक वाक्य लिहायला एक ओळ लागते आणि करायला वर्ष.

"तुझ्या पिशव्या टिकतात का गं?" हा तुमचा प्रश्न या पत्रव्यवहाराच्या कक्षेत येत नाही.

बाटल्यांचं खोकं मिळालं. ‘आधी तपास, मग बोल’ ही चिठ्ठीही मिळाली. मी तपासणार नाही. तुमचं टॉनिक माझ्या यंत्रात घालणं म्हणजे देखरेखच झाली. खोकं टेबलाखाली ठेवलं आहे. त्यातली एक बाटली आईने फेकून देण्यासाठी म्हणून उचलली. ती अजून स्वयंपाकघरात आहे आणि झाकण उघडलेलं दिसतं.

लेबलांचं काय केलंत, ते तुमच्या सात तुकड्यांत कुठेही नाही. विषय कागदावरही बदलता येतो हे मला माहीत नव्हतं.

(सही)


८ फेब्रुवारी

बाबा,

तपासलं.

त्याचं कारण माझ्या शेजारच्या टेबलावरचा सहकारी. तो उंच आहे, वाकून चालतो आणि दर वाक्याला शंका काढतो, म्हणून सगळे त्याला ‘प्रश्नचिन्ह’ म्हणतात. तो म्हणाला, "वडिलांना खोटं ठरवायचंय ना? मग मोजून ठरव. अंदाजाने तर माझी बायकोसुद्धा मला खोटं ठरवते."

हे पटण्यासारखं होतं. मी एक थेंब पातळ करून यंत्रात घातला. हे यंत्र द्रवात लेझर सोडतं आणि आतले कण किती चुळबुळ करतात त्यावरून त्यांचा आकार सांगतं. मोठा कण सुस्त, लहान कण चुळबुळ्या. तुमच्या टॉनिकाचा आलेख म्हणजे डोंगररांग येणार, अशी माझी खात्री होती. गाळ, साखर, तेलाचे थेंब, मलमलीचे धागे.

एकच शिखर आलं. अरुंद, सरळ, एकशे साठ नॅनोमीटरवर.

मी नळी धुऊन पुन्हा मोजलं. मग दुसरी बाटली फोडली. मग तिसरी. प्रश्नचिन्ह माझ्या मागे ताठ उभा राहिला. त्याला ताठ उभं मी प्रथमच पाहिलं.

बाटल्यांवर भरल्याची तारीख नोव्हेंबरची आहे. म्हणजे हे कण तीन महिने एकमेकांना न चिकटता पोहत आहेत.

आनंदून जाऊ नका. मी आत अर्क किती आहे तेही मोजलं. जवळजवळ नाहीच. मूळ तुम्ही बहुधा टॉनिकाला दुरून दाखवता. गाड्या वेळेवर धावतात, आत प्रवासी नाहीत. माझ्याकडे प्रवासी आहेत.

कोणतं तेल वापरता, पाक आधी घालता की तेल, किती तापवता आणि कशाने ढवळता, हे कृपया कळवा. चौकशी केवळ नोंदीसाठी आहे.

(सही)


१६ फेब्रुवारी

बाबा,

"धंद्याचं गुपित आहे. शास्त्रज्ञ विचारत असेल तर सांगणार नाही. मुलगी विचारत असेल तर चहाला ये, सगळं सांगतो."

हे वाक्य मी मॅडमना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "मग जा ना चहाला." मी म्हटलं, गाडीने पाच तास लागतात. त्या म्हणाल्या, "संशोधनासाठी लोक ध्रुवावर जातात." माझ्या बाजूचं कुणीच नाही.

मी येणार नाही. त्याऐवजी माहितीच्या बदल्यात माहिती देते. जानेवारीत तुम्ही विचारलं होतंत, त्याचं उत्तर : टिकत नाहीत. पहिला आठवडा आरशासारखा जातो. नवव्या-दहाव्या दिवशी बाटलीच्या गळ्याशी पांढरट कडा येते. मग पिशव्या एकमेकींना मिठ्या मारतात, फुटतात, आणि आतला अर्क पिवळ्या चिखलासारखा तळाशी बसतो. तीन प्रकारचे स्निग्ध पदार्थ झाले, थंड करून झालं, तापवून झालं. समितीला साध्या खोलीत महिनाभर टिकलेली एक तरी बाटली बघायची आहे. गेल्या बैठकीत अध्यक्ष मला म्हणाले, "पुरे झाल्या कल्पना. बाप दाखव नाहीतर श्राद्ध कर."

मी त्यांना सांगितलं नाही की बाप दाखवता येईल, पण तो चहाला बोलावतो.

आता तुमची पाळी.

आईबद्दल विचारलंत. तिची तब्येत बरी आहे. पोट साफ राहतं म्हणते. यापुढची माहिती देण्याचा मला अधिकार नाही. तिने तुमच्याबद्दल काही म्हटलं का, याचंही उत्तर देते, कारण ते लहान आहे. रंगाचं दुकान बंद करून टॉनिक काढायचं तुमच्या डोक्यात आलं, तेव्हा ती म्हणाली होती, एकतर ते टॉनिक, नाहीतर मी. तुम्ही विचार करायला वेळ मागितलात. ती अजून त्या वेळेबद्दलच बोलते, टॉनिकाबद्दल नाही.

(सही)


२४ फेब्रुवारी

बाबा,

रंग हलवायचं यंत्र.

मी तुमचं पत्र वाचून बराच वेळ खिडकीबाहेर पाहिलं. दुकान विकलंत, फळ्या विकल्यात, पाटीसुद्धा विकलीत आणि ते धडधडणारं यंत्र तेवढं बरोबर नेलंत. त्यात डब्याऐवजी बाटली आवळता आणि चालू करून शेजारणीशी गप्पा मारायला जाता. त्या गप्पा हेच वेळ मोजायचं एकक. ‘शेजारीण बोलायची थांबली की बंद करतो’ हे प्रयोगवहीत कसं लिहायचं, हे मला कळत नाही.

पण तुम्ही प्रामाणिकपणे सगळं लिहिलंत. आधी तेल, मग पाक, मग पाणी. याबद्दल आभार.

आमच्या संस्थेत कंपनं देणारी यंत्रं आहेत. एका यंत्राची किंमत ऐकून तुम्ही टॉनिक घ्याल. पण रंगाचं यंत्र नाही. म्हणून मी आणि प्रश्नचिन्ह रंगाच्या दुकानात गेलो. मी काउंटरवर आमची काचेची कुपी ठेवली आणि म्हटलं, हे हलवून हवं आहे.

दुकानदाराने कुपी उजेडात धरली. "शेड कोणता?"

"शेड नाही. औषध आहे."

"भिंतीला लावायचं?"

"पोटात घ्यायचं."

त्याने प्रश्नचिन्हाकडे पाहिलं. प्रश्नचिन्ह मला म्हणाला, "बदामी सांग आणि मोकळी हो."

शेवटी हलवून मिळालं. तुमचंच तेल, तुमचाच पाक, तुमचाच क्रम, फक्त अर्क आमचा, आणि भरपूर. तिसऱ्या दिवशी तेल वर आणि चिखल खाली. अर्क न घालताही केलं. तेच झालं.

तुम्ही म्हणाल हाताचा गुण. मागच्या पत्रात म्हणालातच. हाताचा गुण मोजायचं यंत्र आमच्याकडे नाही, म्हणून तो शेवटी तपासू. नियम असा की एका वेळी एकच गोष्ट बदलायची. तेल बदललं नाही, पाक नाही, यंत्राची जात नाही. एकच गोष्ट वेगळी आहे. तुम्ही तुमच्या बाटलीत हलवता, मी आमच्या कुपीत हलवलं.

तुमच्या रिकाम्या, धुतलेल्या, भरायला तयार बाटल्या पाठवा. डझनभर पुरे. नीट गुंडाळून पाठवा, लेबलांमध्ये नको.

(सही)


१४ मार्च

बाबा,

टिकलं.

तुमच्या बाटलीत, आमच्या अर्कासह, रंगवाल्याच्या यंत्रावर. बाराही बाटल्या. दोन आठवडे झाले, गळ्याशी कडा नाही, तळाशी काही नाही. मी रोज सकाळी खोलीत शिरताना बाटल्यांकडे न बघता आधी कोट घालते, मग बघते. आणि आता गाड्यांत प्रवासी आहेत. मोजले. जवळजवळ सगळे बसलेत, काही उभे आहेत. दुकानदार आता मला बघितल्यावर "बदामी?" एवढंच विचारतो.

एकच गोष्ट बदलली होती, त्यामुळे निष्कर्षही एकच निघतो. काच. मॅडमचं म्हणणं, तुमच्या त्या जुन्या तपकिरी काचेतून काहीतरी सूक्ष्म प्रमाणात द्रवात उतरत असावं आणि ते पिशव्यांभोवती कवच धरत असावं. मी यावर चार पानी टिपण लिहिलंय. काचेच्या पृष्ठभागावरचा विद्युतभार, तिचं वय, तिच्यातले क्षार. मॅडमनी ते एका दमात वाचून काढलं आणि चष्मा काढून म्हणाल्या, "असं कुणी लिहिलेलं नाही." माझ्या टिपणाबद्दल मॅडमनी चष्मा काढल्याची ही पहिलीच वेळ. समिती एकोणतीसला बसणार. तोवर महिना भरतो.

प्रश्नचिन्ह तेवढा म्हणतो, "काचेला एवढा गुण असता तर लोणच्याच्या बरण्यांनी जग जिंकलं असतं." तो मत्सर करतो असं मला वाटतं. हे मी त्याला सांगितलं नाही.

नव्या लेबलाचा नमुना पोचला. माझा फोटो नाही, देखरेख नाही, नॅनो नाही. चांगलं झालं. फोटोच्या जागी ‘प्रगत काचेत’ असं टाकू का, असं विचारलंयत. अजून नको. माझा लेख छापून येऊ दे.

हे पत्र लांबलं आहे. प्रयोग जमला की मी बडबडते असं प्रश्नचिन्हाचं म्हणणं. आजवर तपासायची संधी आली नव्हती. तुमच्या गुडघ्याचं काय झालं? आई विचारते. म्हणजे तिने विचारलं नाही, पण मी ‘बाबांच्या गुडघ्याचं काय झालं असेल’ असं म्हटल्यावर तिने टीव्हीचा आवाज कमी केला.

(सही)


२१ मार्च

बाबा,

हे पत्र मिळताच ‘तरतरी’ विकणं थांबवा. आधी हे करा, मग पुढचं वाचा.

मॅडमनी तुमची एक रिकामी बाटली काचेच्या तपासणीसाठी बाहेर पाठवायला सांगितली. तुम्ही डझनाला तेरा पाठवल्या होत्यात, त्यामुळे खोक्यात एक उरली होती. पाठवण्याआधी, जे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते मी केलं. त्या रिकाम्या बाटलीत नुसतं शुद्ध पाणी घातलं, झाकण लावलं आणि हलवलं.

फेस आला.

मी झाकण उघडलं. लिंबाचा वास आला.

तुमच्या टॉनिकात लिंबू नाही. लिंबू भांडी घासायच्या साबणात असतं.

काचेला काहीही गुण नाही. पिशव्यांभोवती जे कवच धरून बसलंय ते तुमच्या भांड्याच्या साबणाचं आहे. तेल आणि पाणी यांचं भांडण मिटवणं हेच साबणाचं काम. ते तो ताटावर करतो तसंच बाटलीत करतो. शाळेत हे मुलांना शिकवतात. मी त्यावर चार पानं लिहिली आणि त्यांत साबण हा शब्द एकदाही नाही.

‘धुतलेल्या बाटल्या पाठवा’ असं मी लिहिलं आणि धुतलेल्या म्हणजे कशा, हे विचारलं नाही. आमच्या खोलीत धुतलेलं म्हणजे नळाखाली तीनदा आणि शुद्ध पाण्याने तीनदा विसळलेलं. जगात सगळीकडे तसंच असतं असं मी धरून चालले. तुम्ही बाटल्या नेमक्या कशा धुता, ते शब्दशः कळवा. सजवू नका.

आणि गेलेल्या बाटल्या परत आणा. दुकानांतून आणि घरांतून. लोक रोज थोडा थोडा साबण पीत आहेत. थोड्याने कुणाचं मोठं काही बिघडणार नाही, पण एखाद्याचं पोट आधीच नाजूक असतं, आणि कुणालाही न सांगता कुणाला साबण पाजायचा नसतो. बाटल्या परत आणणं तुमच्याकडून होणार नाही असं मला वाटत होतं. म्हणून ही ओळ मी आधी कडक शब्दांत लिहिली होती. ती खोडली आहे. परत आणा, बाबा.

मी आईला सांगितलं. ती म्हणाली, "म्हणूनच पोट साफ राहत होतं." मग तिने स्वयंपाकघरातली बाटली उचलली आणि या वेळी खरंच फेकली.

मॅडमना उद्या सांगणार आहे. हे वाक्य कालच्या मसुद्यातही होतं.

(सही)


२ एप्रिल

बाबा,

तुमचं पत्र काल मिळालं. आधी माझ्याकडचं सांगते.

मॅडमना तेवीसला सांगितलं. त्यांनी माझ्या हातातून बाटली घेतली, हलवली, फेसाकडे पाहिलं आणि खुर्चीवर बसल्या. पहिला प्रश्न त्यांनी विचारला तो सासूबाईंचा. मी म्हटलं, घेणं बंद करा. त्या म्हणाल्या, "तू येऊन सांग. त्यांचं पोट तीस वर्षांनी जागेवर आलंय."

दुसरा प्रश्न समितीचा. सहा दिवस उरले होते आणि बाराही बाटल्या टेबलावर आरशासारख्या उभ्या होत्या. मॅडमनी खिडकी लावली आणि म्हणाल्या, "असं म्हणता येईल : एका पृष्ठसक्रिय घटकाच्या सान्निध्यात पिशव्या स्थिर राहिल्या."

वाक्य खरं होतं, साबणालाही पृष्ठसक्रियच म्हणतात. त्यातला एकही शब्द खोटा ठरला नसता. मी ते चार दिवस पाठ केलं. आरशासमोर म्हटलं. आई दारातून म्हणाली, "हे तुझ्या बाबांसारखं वाटतंय." बाबा, राग मानू नका. मला तेव्हा राग आला तो स्वतःचा, तुमचा नव्हे.

एकोणतीसला समितीसमोर मी म्हटलं, "बाटल्या महिना टिकल्या. टिकल्या त्या भांडी घासायच्या साबणामुळे. बाटल्या माझ्या वडिलांच्या आहेत, त्या विसळलेल्या नव्हत्या आणि मी ते तपासलं नव्हतं."

मॅडम छताकडे बघत होत्या. मग अध्यक्षांनी पेन खाली ठेवलं. "कोणता साबण?"

"लिंबाचा."

"आमच्याकडे तोच आहे," उजवीकडचे सदस्य म्हणाले.

"आणि हे तुम्हाला कुणी दाखवून दिलं?" अध्यक्षांनी विचारलं.

"फेसाने."

अध्यक्ष हसले. मग सगळे हसले आणि बराच वेळ हसत राहिले. मी थांबले. हसून झाल्यावर त्यांनी विचारलं की साबणाच्या जागी खाण्यायोग्य असं काही त्या कामाला लावता येईल का. मी म्हटलं, सोयाबीनपासूनचे, साखरेपासूनचे असे काही पदार्थ आहेत. मी आजवर पिशवीच्या भिंतीवर काम करत होते, भिंतीबाहेरच्या पहारेकऱ्यावर नाही. हा रस्ता मला साबणाने दाखवला, पण साबणाला बरोबर नेता येणार नाही. अध्यक्षांनी शेजाऱ्यांशी कुजबुज केली. वर्ष दिलेलं नाही. सहा महिने दिलेत. साबणाशिवाय महिनाभर टिकलेली बाटली दाखवली तर उरलेले सहा. बाहेर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "निम्मं मिळालं. पृष्ठसक्रिय म्हणालो असतो तर पूर्ण मिळालं असतं." थोडं चालल्यावर म्हणाल्या, "आणि मला सहा महिने झोप लागली नसती."

मी त्यांच्या घरीही जाऊन आले. सासूबाईंनी बाटली दिली नाही. "साबण तर साबण," म्हणाल्या, "आतून भांडंच आहे ना माणूस." शेवटी मी त्यांना त्यांच्या डॉक्टरांचं नाव सांगून घाबरवलं.

आता तुमचं पत्र. कोऱ्या कागदावर आहे. एका बाजूवर मावलंय.

बाटल्या कशा धुता ते लिहिलंयत : एका बादलीत साबणाचं पाणी, त्यात बाटल्या बुडवायच्या, आत ब्रश फिरवायचा, काढून दोरीवर उलट्या टांगायच्या. नंतर पाण्याने विसळत नाही, कारण ‘विसळलं तर साबण लावल्याचा फायदा काय’. हे वाक्य मी प्रश्नचिन्हाला दाखवलं. त्याच्याकडे पहिल्यांदाच शंका नव्हती.

पुढे लिहिलंयत की बाटल्या परत आणल्या. सायकलवर, दारोदार. सहा जणांनी दिल्या नाहीत, त्यांच्याकडे तीनदा गेलात. एका बाईंनी कारण विचारलं, तेव्हा तुम्ही खरं सांगितलंत आणि त्यांनी दार लावून घेतलं. लेबलं काढलीत. मग शेवटची ओळ : "आता काय करू?"

ती मी दोनदा वाचली. तुम्ही आजवर आम्हाला काय करणार ते सांगत आलात. विचारलंत कधीच नाही. आईलाही दाखवली. तिने चष्मा लावून ती पुन्हा वाचली आणि कागद माझ्याकडे देण्याऐवजी घडी करून स्वतःजवळ ठेवला. मला उत्तर लिहायला तो मागून घ्यावा लागला.

उत्तर असं आहे. टॉनिक बंद ठेवा. परत आलेल्या बाटल्यांतलं एका पिंपात ओता आणि पिंपावर ‘पिऊ नये’ असं लिहा. मोठ्या अक्षरांत, पिवळ्या नको. रिकाम्या बाटल्या मात्र मला हव्या आहेत, नीट धुतलेल्या. नव्या घेतल्या तर समिती म्हणेल, आता काच बदलली. मुळाचा अर्क कसा काढायचा तेही तुम्हाला शिकवायला हवं, कारण तुमच्या टॉनिकात तो नव्हता आणि या वयात तुम्हाला रिकाम्या गाड्या चालवू देणं बरं नव्हे. पुढे काही विकायचंच असेल तर आधी परवाना, मग मूळ, मग बाटली. हा क्रम बदलायचा नाही.

मी शनिवारी सकाळच्या बसने येते. आई येणार नाही. बसच्या वेळा मात्र तिनेच काढून दिल्यात, परतीच्याही, आणि परतीची रविवारची निवडली आहे.

मी येईपर्यंत एकाही बाटलीला हात लावू नका. या कामाला दोन बादल्या लागतात, एक साबणाची आणि एक साध्या पाण्याची. दुसरी तुमच्याकडे नसणार. दुकानात जाऊन घेऊ नका, तुम्ही लहान घ्याल. स्टँडवर आलात तर शोधत बसू नका. खिडकीशी मांडीवर बादली घेऊन बसलेली मुलगी दिसली की हात करा.

(सही)